तिसरी बाही

ढाणकीत थंडी पडते ती जेमतेम सव्वा महिना, पण तिची तयारी अशी चालते की वाटावं गाव काश्मिरात वसलं आहे. दिवाळीचा आकाशकंदील खाली उतरला की उज्ज्वलाच्या जाळीच्या व्हरांड्यात सतरंजी पडते. संध्याकाळी साडेसहाला बायका लोकरीच्या पिशव्या घेऊन जमतात आणि साडेआठला पोळ्यांच्या आठवणीने उठतात. या दोन तासांत स्वेटर चार बोटं वाढतो आणि गावातल्या कोणाची तरी अब्रू तेवढीच उसवते, असं उज्ज्वलाचे यजमान म्हणतात. ते कृषी केंद्र चालवतात. दुकानातून घरी येताना व्हरांड्यातून मान खाली घालून आत जातात, कारण मागच्या आठवड्यात त्यांच्या घोरण्याचा विषय निघाला होता आणि तो अजून मिटलेला नाही.

या सतरंजीवर भिंतीला टेकून बसायची जागा एकच, आणि ती सत्यशीलाची. गाव तिला सिस्टर म्हणतं. एएनएमची, म्हणजे सरकारी नर्सची, चौतीस वर्षं नोकरी झाली, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी सिस्टरच. अजूनही सकाळी कोणी ना कोणी बीपी मोजायला दारात उभं असतं. विणकाम ती शिकली यवतमाळला, ट्रेनिंगच्या होस्टेलात, एका मलयाळी मेट्रनकडून. ज्या बाईच्या गावात जन्मात थंडी पडत नाही तिने ज्या गावात सव्वा महिना पडते तिथल्या बाईला स्वेटर शिकवला. आणि तिच्याकडून अर्धी ढाणकी शिकली. कोणाचा टाका सुटला, कोणाचा गळा मोठा झाला, कोणाची नक्षी डावीकडे सरकत गेली, की काम सिस्टरपुढे यायचं. सिस्टर चष्मा नाकावर ओढायची, आधी दोन वाक्यं बोलायची, मग टाका उचलून द्यायची. ती दोन वाक्यं अशी असत की पुढच्या वेळी टाका सोडायची हिंमत होऊ नये.

नवरा धर्मपाल आठ वर्षांपूर्वी गेला. मुलगा एकच. नवऱ्याने मोठ्या उमेदीने त्याचं नाव संघर्ष ठेवलं होतं. संघर्ष आता नागपुरात बँकेत एसीखाली बसतो आणि संघर्ष करावा लागलाच तर तो सोसायटीतल्या पार्किंगसाठी. पण पोरगा वाईट नाही. उलट फारच चांगला, आणि सत्यशीलाची खरी अडचण तीच होती.

दिवाळीत तो आला तेव्हा आईने त्याला एका संध्याकाळी तीनदा विचारलं, "जेवला का रे?" आता हे काही लक्षण म्हणता येत नाही, सगळ्या आया विचारतात. पण दुसऱ्या दिवशी दूध गॅसवर ठेवून ती अंगणात तुळशीच्या कुंड्या हलवत बसली. पातेलं काळं ठिक्कर पडलं, घरात धूर झाला, आणि वर ती म्हणाली की दूध तिने ठेवलंच नव्हतं. संघर्षने पातेलं घासून काढलं. मग समोर बसून शांतपणे म्हणाला, "आई, आणखी एकदा असं काही झालं ना, तर मी तुले घेऊन जातो. मंग मी काहीच ऐकणार नाही." आणि जाता जाता उज्ज्वलाला आपला नंबर देऊन गेला. "काकू, तुम्ही आमचा सीसीटीव्ही. काही वेगळं दिसलं की फोन करजा."

नागपूरचा फ्लॅट सत्यशीलाने पाहिला होता. चौथा मजला. सून दीपा बोलायला गोड, पण सकाळी आठला दोघं जण बाहेर पडत आणि संध्याकाळी सातला परत येत. मधले अकरा तास टीव्ही, सोफा आणि एक खिडकी, जिच्यातून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसायची. तिथे कोणी सुटलेला टाका घेऊन येणार नव्हतं. म्हणून दिवाळीपासून ती सावध होती. गॅससमोरून हलायचं नाही अशी तिने स्वतःलाच ऑर्डर काढली होती. औषधाच्या गोळ्या वारांच्या डबीत. आणि विणकामासाठी एक छोटी वही. लसीकरणाची नोंद ठेवायची तशी: तारीख, काय झालं, काय बाकी. संघर्षसाठी कॉफी रंगाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर चालू होता. तो रविवारी न्यायला येणार होता. स्वेटर वेळेत आणि बिनचूक हातात दिला की पोराची खात्री पटेल, असा तिचा हिशेब. ज्या बाईला गळ्याचे टाके चुकत नाहीत तिला कोण नागपूरला नेतं?

त्या गुरुवारी संध्याकाळी उज्ज्वलाने तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या होत्या. परातीतून वाफ निघत होती, आणि जमनीबाई सुया बाजूला ठेवून शेंगा खात बसली होती. जमनी म्हणजे तांड्यातून मुलाच्या घरी राहायला आलेली सत्तरीची म्हातारी. आरसे लावून भरतकाम करायला तिचा हात असा की बघत राहावं, पण लोकरीशी तिचं जमलं नाही. दोन हिवाळ्यांपासून ती एकच मफलर विणत होती आणि तो दर आठवड्याला रुंद होत होता. तिची सून ममता शाळेत शिक्षिका. ममताने पहिल्यांदाच स्वेटर काढला होता, मुलीसाठी, आणि आज तिला बाही जोडायला शिकायचं होतं.

"सिस्टर, तुम्ही म्हनल्या होत्या, गुरुवारी दाखवतो," ममता म्हणाली.

"म्हनली होती तर दाखवीन ना. आधी हात धू. शेंगांचे मीठ लावशील लोकरीले."

"अन् ह्या माह्या सासूबाई?"

"त्यांच्या मफलरीले काही होत नाही. त्याची आता सतरंजी होनार हाय."

जमनीने तोंडातलं सालपट काढलं. "होऊ दे. तुह्या पोराच्या लग्नात तेच घालन मी."

"माह्या पोराचं लग्न होऊन सहा वर्षं झाले जमनी."

"मंग दुसऱ्या लग्नात."

सगळ्या हसल्या. सत्यशीलाही हसली. तिला अशा वेळी फार बरं वाटायचं. बोलण्याला बोलणं लगेच आठवत होतं, म्हणजे डोकं शाबूत. तिने पिशवी पुढ्यात ओढली, मोठ्या डोळ्याची सुई काढून लोकर ओवली; पहिल्याच झटक्यात, चष्म्याशिवाय. उज्ज्वलाने पाहिलं की नाही हे हळूच पाहून घेतलं. मग एक एक भाग सतरंजीवर मांडायला लागली.

"ही पाठ. हा पुढा. हे खांदे मी काल जोडले. आता ही बाही. इथं मनगट, इथून वर वाढवत न्यायचं, अन् खांद्याशी असं उतरतं घ्यायचं. अन् ही दुसरी बाही. दोन्ही एकावर एक ठेवून पाहायच्या, लांबी सारखी आली का."

तिने दोन्ही बाह्या एकावर एक ठेवल्या. तंतोतंत. ममताने मान डोलावली. सत्यशीलाने उरलेला गुंडा काढायला पिशवीत हात घातला आणि तिच्या हाताला आणखी काहीतरी मऊ लागलं. तिने ते बाहेर ओढलं.

बाही होती.

आधी कोणाला कळलंच नाही. मग जमनी हातातली शेंग तशीच धरून, तांड्याच्या बोलीत आईचं नाव घेत म्हणाली, "ए याडी! तुह्या पोराले तिसरा हात फुटला का वं?"

आणि जे हसू उसळलं ते थांबेना. ममता भिंतीला टेकली. उज्ज्वलाने पदर तोंडाला लावला. जमनी म्हणाली, बँकेत नोटा मोजायला दोन हात पुरत नसतील बापड्याले. ममता म्हणाली, एका हातात मोबाईल असतो ना, मंग कामाले दोन तर पाह्यजेच. आतून उज्ज्वलाच्या यजमानांनी विचारलं काय झालं, आणि "तुमच्या कामाचं नाही" असं त्यांना तिघींनी एकदम सांगितलं.

सत्यशीलाही हसत होती. हसता हसता ती ती बाही चाचपून पाहत होती. मनगटाची पट्टी दोन बोटं. वाढवलेले टाके दर सहाव्या ओळीला. खांद्याचा उतार पहिल्या दोन्हींसारखाच. एक टाका चुकलेला नव्हता. कोणीतरी आठ-दहा संध्याकाळी बसून मन लावून विणलेली ती बाही होती. हात तिचाच होता, तो तिला अंधारातही ओळखू आला असता. पण त्या आठ-दहा संध्याकाळी तिला कुठेच सापडत नव्हत्या.

सगळ्यांत आधी हसायची थांबली ती उज्ज्वला.

"सिस्टर," ती म्हणाली, "मांगच्या सोमवारी मी रामधनच्या दुकानातून तुम्हाले दोन गुंडे आनून देल्ले. तुम्ही म्हनल्या, लोकर कमी पडली, संघर्ष जाडा झाला."

"झालाच हाय तो जाडा."

"मंग हे तिसरी कायची?"

मस्करीत विचारायचा प्रश्न तिने मस्करीत विचारला नव्हता. व्हरांड्याच्या कठड्यावर तिचा मोबाईल पडला होता. सत्यशीलाची नजर त्याच्याकडे गेली, उज्ज्वलाचीही गेली, आणि दोघींनी ती एकाच वेळी वळवली. ममता सुया गोळा करायला लागली. दोन महिने चौघी जणी रोज इथेच बसत होत्या. सिस्टर त्यांच्यासमोर तिसरी बाही विणत होती, आणि एकीच्याही लक्षात आलं नव्हतं. सिस्टरच्या हातात काय आहे हे बघायची कोणाला सवयच नव्हती. सगळ्या आपापली चूक तिच्यापुढे धरून बसायच्या.

"कायची म्हंजे?" जमनीने शेंग खाली टाकली. "माही हाय ते. मीच म्हनलं होतं तिले. गुडघ्यात घालाले."

"गुडघ्यात?"

"मंग काय! थंडीत माहा गुडघा धरते. पट्टी आनली तं ते आवळते. मी म्हनलं सिस्टर, मले एक लोकरीचं नळकांडं करून दे."

उज्ज्वलाने बाही उचलली, उलटी-सुलटी पाहिली. "अन् मंग गुडघ्याच्या नळकांड्याले खांद्याचा उतार कायले?"

"मंग माहा गुडघा काय सरळ हाय का?" जमनी गरजली आणि साडी पिंढरीपर्यंत वर करून पाय पुढे केला. गुडघा खरोखरच सरळ नव्हता. तिने बाही पायात चढवली. मनगटाची पट्टी घोट्याशी अडकली, खांद्याचा उतार मांडीशी लोंबायला लागला. "पाहा. मापात हाय."

पुन्हा सगळ्या हसल्या, पण या वेळी थोड्या जास्त जोराने. उज्ज्वला जमनीकडे पाहत राहिली, मग सत्यशीलाकडे. मग उठून तिने मोबाईल कठड्यावरून उचलला आणि आत जाऊन चार्जिंगला लावून आली. "शेंगा थंड झाल्या," ती म्हणाली. "खा न बाई. अन् आपल्या व्हरांड्यातली गोष्ट व्हरांड्यातच राहाते. माहित हाय न सगळ्याइले?"

"मी तं काही पाह्यलंच नाही," ममता म्हणाली. शाळेत तपासणीला साहेब आले की म्हणतात त्या सुरात.

झालं. सुटका. सत्यशीलाने बाही जोडायला घेतली. "इकडं पाहा ममता. खांद्याचा मधला टाका अन् बाहीचा मधला टाका पहिले पकडायचा. मंग दोन्हीकडे खाली उतरत यायचं. एकीकडून सुरू केलं तं दुसरीकडे झोळ येते." तिचे हात चालत होते. सुई आत, सुई बाहेर, लोकर ना सैल ना आवळ. ममता म्हणाली, असं हातानं कसं काय जमते तुम्हाले, आणि सत्यशीला म्हणाली, चौतीस वर्षं सरकारनं सुया टोचाले लावल्या, म्हनून.

एक बाही जोडून झाली. दुसरी घ्यायच्या आधी तिने सवयीने वही उघडली. जे झालं ते लगेच लिहायचं. शिवाय तिला एक गोष्ट पाहून घ्यायची होती. काय सांगावं, जमनी खरंच म्हणाली असेल. गुडघ्याचं खरंच काही बोलणं झालं असेल आणि आपणच ते विसरलो असू. ते विसरणं चाललं असतं.

तिच्याच गोल अक्षरात, निळ्या पेनाने लिहिलं होतं:

२८ नोव्हेंबर. दुसरी बाही सुरू.
६ डिसेंबर. दुसरी बाही झाली.
८ डिसेंबर. दुसरी बाही सुरू.
१७ डिसेंबर. दुसरी बाही झाली.

तिने पान उलटून पाहिलं. मग परत आणलं. ओळी एकाखाली एक होत्या. आठ तारखेला लिहिताना वरची सहा तारीख तिच्या डोळ्यांसमोरच असणार, दीड बोटावर. डोळ्यांनी पाहिली असेल. वाचली नव्हती.

पलीकडे जमनी ती बाही पायात घालूनच शेंगा सोलत होती. तिच्याकडे पाहता पाहता सत्यशीलाला झरी जामणीकडचं एक अंगण आठवलं. नोकरीचं दुसरं की तिसरं वर्ष. ते मात्र आजही चकचकीत आठवत होतं, शेणाने सारवलेल्या ओल्या वासासकट. आठव्या महिन्याची पोर खाटेवर बसलेली, पायांवर सूज, चेहरा फुगलेला, आणि सासू पुढे येऊन सांगत होती, "चालून चालून सुजले, बाई. काही नाही. आमच्याकडं असंच सुजते." सासू दुष्ट नव्हती. पोरीला दवाखान्यात न्यायला घाबरत होती, एवढंच. पोरीने तिच्याआड तोंड लपवलं होतं. सत्यशीलाने त्या अंगणात आवाज चढवला होता तो पार पाड्याच्या टोकापर्यंत गेला. झाकून कोणाचं भलं करता, म्हणून विचारलं होतं. तरी गाडी मिळेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. पोर वाचली. लेकरू वाचलं नाही.

त्यानंतर हे वाक्य ती किती दारांत बोलली असेल. आणि आता ती स्वतः खाटेवर बसली होती, आणि जमनी पुढे येऊन सांगत होती, माहाच गुडघा हाय.

"उज्ज्वला," ती म्हणाली, "तुहा फोन आन."

"कायले?"

"संघर्षले लाव."

ममताची सुई थांबली. जमनी म्हणाली, "पागल झाली का तू? मी पायात घालून बसली हाव न!"

"तेच तं. सत्तर वर्षाची बाई माह्यासाठी पायात बाही घालून बसली." तिने वही उज्ज्वलापुढे सरकवली. "वाच."

उज्ज्वलाने वाचलं. तिने एकदा वाचलं आणि वही मिटली, जशी दुसऱ्याच्या घराची उघडी खिडकी दिसली की माणूस पटकन नजर काढून घेतो. "सिस्टर, रविवारी येतेच हाय न तो. तीन दिवसानं काय होते? त्याले समोरासमोर..."

"रविवारपर्यंत मी विसरली तं?"

ती हे मस्करीत म्हणाली होती. 

उज्ज्वलाने फोन आणून लावून दिला. तिच्याच फोनवरून, कारण आईचा फोन संघर्ष मीटिंग संपल्यावर उचलतो आणि सीसीटीव्हीचा पहिल्या रिंगला. तसंच झालं.

"हां काकू, काय झालं? आई बरी हाय न?"

"मीच हाव," सत्यशीला म्हणाली. "आई."

"आई? तुहा फोन कुठी हाय?"

"हाय पिशवीत. ऐक. तुह्या स्वेटराले मी तीन बाह्या केल्या."

पलीकडून हसू आलं. मोकळं, दिवसभर दमलेल्या माणसाचं हसू. मागे टीव्हीवर बातम्या चालू होत्या. "तीन? एक काय बँकेले देऊ का? दीपा, ऐकलं का, आईनं..."

"हसू नको. दुसरी झाल्यावर मी पुन्हा दुसरीच केली. नऊ दिवस. वहीत लिहून हाय, अन् मले त्यातला एक दिवस आठवत नाही."

 टीव्हीचा आवाज आणखी दोन-तीन शब्द बोलला आणि बंद झाला.

"आई," तो म्हणाला. आवाज एकदम खाली. "मी रविवारी येतोच हाव. तू काही टेन्शन घेऊ नको. तोवर काकूले सांगतो मी..."

"रविवार लांब हाय. उद्या ये. सुट्टी टाक." ती बोलत होती तशी तिची पाठ भिंतीपासून सुटून सरळ झाली, उपकेंद्राच्या दारात उभी राहून बोलायची तशी. "पहिले थायरॉईड पाहायचं. मंग बी-ट्वेल्व. कधी कधी त्याच्यानंबी असं होते, मी पाह्यले हायेत पेशंट. नसन त्याच्यानं, तं मेंदूचा डॉक्टर. कागद सगळे एका फाईलीत ठेवायचे. अन् येतानी मोठी गाडी करून आनू नको. मी तपासाले येऊन राह्यली, राहाले नाही. घराचं काय करायचं ते रिपोर्ट पाहून बोलू. आधी नाही. समजलं का?"

जमनीने पायातली बाही काढून घडी करून मांडीवर ठेवली होती. ममता तिच्याकडे पाहत होती. उज्ज्वला आत दिवा लावायच्या निमित्ताने उठली आणि दारातच उभी राहिली.

"समजलं," संघर्ष म्हणाला.

"काय समजलं?"

"तपासाले. राहाले नाही."

"अन् रिपोर्ट काहीबी आला तरी पहिले मले दाखवायचा. माह्याशी बोलायचं. दीपाशी खुसुरफुसुर मागून."



"बरं, आई," तो म्हणाला.

चौतीस वर्षं तिने हा 'बरं' ऐकला होता. वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक पेशंटला असाच म्हणतात, आणि मग उठून डॉक्टरांना एकट्याने भेटायला जातात. तिने फोन उज्ज्वलाच्या हातात दिला. मग पिशवीतून पेन काढलं, वही उघडली आणि तारीख घालून लिहिलं: संघर्षला सांगितलं. त्याखाली साक्षीदार म्हणून उज्ज्वलाला सही करायला लावली.